बजे, मग घे

बंगळूरला आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, या गावात सगळेच मला नावानं ओळखतात. माझं नाव इंदू. भाजीवाली पाटी उतरवून पडवळ उचलायची आणि म्हणायची, "इदु बेका?" दूधवाला माप पुढे करून "इदु" म्हणायचा. कोपऱ्यावरचा दुकानदार तर एकेका डब्यावर हात ठेवत "इदु? इदु?" असं इतक्या मायेनं विचारायचा, की मी वेणी पुढे घेऊन "हो, मीच" म्हणायची. कानडीत 'इदु' म्हणजे 'हे' आणि 'बेका' म्हणजे 'हवं का', असं आत्यानं मला सांगेपर्यंत मी आमच्या निम्म्या मल्लेश्वरम वस्तीला नमस्कार करून बसले होते. आत्या म्हणाली, "अगो इंदे, ती पडवळाबद्दल बोलतेय." मला जरा वाईटच वाटलं. परक्या मुलखात कुणीतरी नावानं हाक मारतंय, हा एक धीर होता, तो गेला.

शाळा मी सोडली की शाळेनं मला, हे आजही नक्की सांगता यायचं नाही. आमचं गाव राजापूरकडचं. शाळा ओढ्याच्या पलीकडे. एका पावसाळ्यात साकव वाहून गेला आणि तो परत बांधेपर्यंत पाठची भावंडं मीच सांभाळायची, अशी घराला सवय लागली. साकव झाला, मी अलीकडेच राहिले. पुढे बंगळूरच्या आत्याला मुलगा झाला. तिचे यजमान, ज्यांना मी काका म्हणायची, तिथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते, आणि घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. तेव्हा बाबांनी चांगली सोबत बघून मला पाठवून दिलं, ते 'बाळ बसायला लागेपर्यंत' एवढ्याच बोलीवर. मग परत जायचं होतं, कारण तिकडे एक स्थळ बघून ठेवलेलं होतं. त्याचा सोडावाटरचा कारखाना होता. कारखाना म्हणजे गोटीच्या बाटल्या भरायचं एक यंत्र आणि तो स्वतः. मला बघायला आला तेव्हा त्यानं नाव विचारलं नाही, शिकली किती ते विचारलं नाही. "पेटी उचलते का?" एवढंच विचारलं. बाबांनी "उचलते" म्हणून सांगितलं.

त्या माणसात वाईट काही नव्हतं, हे आज मी सहज म्हणू शकते. पण तेव्हा डोळे मिटले की मागून बाटल्या किणकिणत यायच्या. म्हणून आत्याचं बाळ कोपरांवर भार देऊन उठू बघायचं, तेव्हा मी त्याला हळूच आडवं करायची. "दमलास हो," म्हणायची. ते बिचारं छताकडे बघत विचार करायचं, की आपण नेमके कशानं दमलो.

आत्याचं घर म्हणजे एका जुन्या बंगल्याची मागची बाजू. पुढच्या बाजूला घरमालकीण राहायच्या, त्यांना आम्ही अम्मा म्हणायचो. हा बंगला कुणा साहेबानं बांधला होता. साहेब-मडम विलायतेला परत गेले, तेव्हा अम्मांच्या सासऱ्यांनी तो घेतला. लाल गुळगुळीत जमीन, दारावर जाईचा वेल, आणि सकाळी अम्मांच्या स्वयंपाकघरातून कॉफीच्या बिया दळायचा घर्रर्र आवाज. त्या आवाजानं मी उठायची. आत्याकडे मला सकाळी कॉफी मिळायची, तीसुद्धा पेला भरून. आमच्याकडे मुलींना चहा मिळायचा तो उरला तर. त्या पेल्याचे उपकार कसे फेडावेत हे न कळून मी तो इतका घासायची, की त्यावर कोरलेलं काकांच्या वडिलांचं नाव हळूहळू बुजत चाललं होतं. अम्मा आमच्याकडे सारू, म्हणजे पातळ तिखट सार, पाठवायच्या. आत्या त्यात गूळ आणि ओलं खोबरं घालून आमटी म्हणून वाढायची. आत्या त्यांच्याकडे कुळथाचं पिठलं पाठवायची. अम्मा त्यात पाणी आणि मिरी घालून त्याचं सारू करायच्या. एकदा मला अशी शंका आली, की दोन्ही घरांत मिळून एकच पदार्थ आहे आणि तो नुसता ये-जा करतोय.

त्या दिवसांत आत्याला एकच चिंता होती, ती वेखंडाची. बाळगुटीसाठी माहेराहून आणलेलं वेखंडाचं मूळ उंदरांनी पळवलं होतं. वेखंड पोटात गेलं नाही तर मुलाची जीभ जड राहते, असं आत्याचं ठाम मत. तिला कानडीत भाज्यांची नावं येत होती, औषधांची नाही. दुकानात जाऊन तिनं तळहातावर काहीतरी उगाळल्यासारखं केलं आणि जिभेकडे बोट दाखवलं. दुकानदारानं आधी जायफळ दिलं, मग चंदन दिलं, आणि शेवटी जीभ खरवडायची पट्टी. काका म्हणाले, "बाळ उशिरा बोलला तरी चालेल. घरात आहे तेवढं बोलणं पुरेसं आहे." आत्या त्यांच्याशी दोन जेवणं बोलली नाही, म्हणजे काकांची इच्छा पूर्ण झाली.

बंगल्याच्या मागच्या कोपऱ्यात घाणेरीचं रान माजलेलं होतं. बाळाची दुपटी वाळत घालायला जागा कमी पडायची, म्हणून एक दिवस मी कोयता घेऊन ते रान साफ करायला घेतलं. आपण फुकट खात नाही, हे दिसायला हवं असं मला सारखं वाटायचं. घाणेरी निघाली, तशी खाली पानांची एक दाट रांग दिसली. उभी, तलवारीसारखी पानं, जपानी पंखा उघडावा तशी एकात एक बसलेली, निळसर हिरवी. मी तसं झाड आधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात अम्मा पाठीमागच्या खिडकीत आल्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्यामुळे त्या जगाकडे जरा मोघमच बघायच्या. मी एव्हाना शिकलेलं सगळं कानडी पणाला लावलं. "अम्मा, इदु एनु?" हे काय?

अम्मांनी डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "अदा? बजे, बजे. मगूगे ओळ्ळेदु."

आता 'ओळ्ळेदु' म्हणजे चांगलं, हे मला ठाऊक होतं. भज्यांना इकडे बज्जी म्हणतात, तेही ठाऊक होतं, कारण कोपऱ्यावर संध्याकाळी बज्जीची गाडी लागायची. राहिलं मधलं 'मगूगे'. ते तर सरळ मराठीच होतं. मग घे. म्हणजे अम्मांचं म्हणणं असं, की याची भजी, मग घे, चांगली होतात. मी त्यांना नमस्कार केला. कोकणात आम्ही ओव्याच्या पानांची भजी करतो, मायाळूची करतो, तेव्हा या पानांची इकडे करत असतील, यात मला नवल वाटलं नाही. नवल एवढंच वाटलं, की अम्मा माझ्याशी मराठी बोलायला लागल्या.

आणि त्याच आठवड्यात काकांचे साहेब आमच्याकडे चहाला आले. व्यंकटराव त्यांचं नाव. त्यांचं घराणं पिढ्यान्पिढ्या बंगळूरचं आणि घरात बोलायचं ते मराठीच, पण ती मराठी वेगळीच होती, जुन्या पेटीत ठेवलेल्या शालूसारखी, आणि तिला मधूनमधून कानडी ठिगळं. काकांची बढती व्यंकटरावांच्या हातात होती. त्यामुळे काका सकाळपासून घरात चालताना चपला हातात घेतल्यासारखे चालत होते. साहेब कांदा खात नाहीत, ही बातमी त्यांनी आयत्या वेळी दिली. बटाटा घरात नव्हता. आत्या बाळाला घेऊन बसली होती, ती आतूनच म्हणाली, "इंदे, कसली तरी भजी तळ गो पटकन." मी म्हटलं, "काळजीच नको." केवढा आनंद झाला होता मला. घरावर प्रसंग आला आणि तो निभावणारी वस्तू मी स्वतः शोधून ठेवलेली होती.

मी आतली कोवळी पानं कापून आणली, बोटाएवढे तुकडे केले, बेसनात ओवा, तिखट, मीठ घातलं आणि छान कुरकुरीत घाणा काढला. दिसायला अशी सुरेख झाली होती. साहेबांनी एक उचललं, तोंडात घातलं आणि चावलं. परत चावलं. मग जरा थांबून दुसऱ्या बाजूनं चावलं. काकांनी ते बघून स्वतः एक घेतलं. मी दाराआडून बघत होते. दोघं समोरासमोर बसून, एकमेकांकडे हसून बघत, सुतळी चावावी तसे चावत होते. साहेब यजमानांचा मान राखत होते आणि काका साहेबांचा. साहेबांनी दुसरं घेतलं, कारण पहिलं आवडलं नाही असं दिसू नये. काकांनीही दुसरं घेतलं, कारण साहेबांनी घेतलं. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काकांचे ओठ कच्चं सुरण खाल्ल्यासारखे फुगायला लागले.

"बहळ रुचकर," साहेब जाड जिभेनं म्हणाले.

"आपल्यासाठी मुद्दाम," काका म्हणाले. त्यांना 'मुद्दाम' नीट म्हणता आलं नाही, ते 'मुद्धाब' असं काहीतरी म्हणाले.

आत्या बाळाला खांद्यावर टाकून बाहेर आली, दोघांचे चेहरे बघितले आणि बशीतलं एक भजं मोडून बघितलं. मोडलं नाही. "इंदे," ती म्हणाली, "कसली आहेत ही?"

"बागेतली," मी म्हटलं.

मग व्यंकटरावांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. त्यांनी खिशातून रुमाल काढून मांडीवर पसरला, तोंडातून एक लांब हिरवा दोरा ओढून काढला आणि तो रुमालावर ठेवला. मग बशीतल्या एका भज्याचं बेसन नखानं सोलून काढलं, आतलं पान सरळ केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि ते डोळ्याजवळ नेलं. मला वाटलं, झालं. विषबाधा, बढती, पोलीस आणि राजापूरचं तिकीट, या क्रमानं सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

"हे कोण केलंय?" त्यांनी विचारलं.

काका म्हणाले, "चूक झाली साहेब, पोर नवीन आहे."

"चूक नंतर बघूं. झाड कोठे आहे, ते आधी दाखवा."

सगळे बागेत गेलो. पुढे साहेब, मागे फुगलेल्या ओठांचे काका, त्यांच्यामागे बाळ घेऊन आत्या आणि सगळ्यांच्या मागे मी. आवाज ऐकून अम्मा खिडकीत आल्या. व्यंकटरावांनी त्यांना कानडीत काहीतरी विचारलं. अम्मांनी पुन्हा तेच सांगितलं. "बजे. मगूगे ओळ्ळेदु."

"बघा," मी रडत रडत म्हटलं, "भजी, मग घे, म्हणाल्या त्या."

व्यंकटरावांचे खांदे हलायला लागले. "अगो बाळे," ते म्हणाले, "बजे म्हणजे वेखंड. मगू म्हणजे मूल. मुलाला चांगलं, म्हणतात ह्या."

आत्यानं बाळ माझ्या हातात दिलं. "वेखंड? दारात वेखंड, आणि मी दुकानात जिभा दाखवत हिंडतेय?" ती खाली बसून मूळ उकरायलाच लागली. व्यंकटरावांनी तिला थांबवलं. त्यांनी एक पान चुरगाळून तिच्या नाकाशी धरलं. "वास?"

आत्यानं हुंगलं. "गवताचा."

"वेखंडाचं पान चुरडलं तर घमघमतं. अम्मांच्या डोळ्यांस स्वल्प कमी दिसतं. आकार पाहिला, वेखंड वाटलं. हे आयरिस आहे. बागेतलं फूल. ह्या गावांत हे असं जुनं बेट मी तरी पाहिलेलं नाही." त्यांना कंदाच्या फुलझाडांचं वेड होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. काकांना कारखान्यात इतकी वर्षं काढून कळलं नव्हतं, ते मी सुतळीच्या भज्यांनी एका संध्याकाळी काढून घेतलं.

"आयरिस म्हणजे?" आत्यानं विचारलं.

अम्मा खिडकीतून म्हणाल्या, "राइस? इदु राइसा?" आणि मान हलवून आत निघून गेल्या. आजकालच्या लोकांना भातसुद्धा ओळखू येत नाही, असं काहीसं त्यांना वाटलं असावं.

आयरिस, पण कुठलं, हे पानांवरून सांगता येत नव्हतं. फूल यायला हवं. ते कधी आलेलं अम्मांना आठवत नव्हतं, कारण वर घाणेरीचा अंधार. आता ऊन लागेल, थंडीत कदाचित येईल, असं व्यंकटराव म्हणाले. "तोपर्यंत हात लावायचा नाही कोणी. ही पोरगी बघेल. तिनंच काढलं आहे उजेडात." काका म्हणाले, "येस सर." नेमका त्याच आठवड्यात बाबांचा कागद आला होता, की बाळ आता बसत असेल, सोडावाटरवाले थांबलेत, सोबत मिळाली की मुलीला पाठवा. काकांनी उत्तर लिहिलं आणि आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं: 'साहेबांच्या एका कामासाठी चि. इंदूची गरज आहे. काम पूर्ण झाल्यावर पाठवतो.' यात एक अक्षर खोटं नव्हतं. गावात मात्र असं पसरलं, की इंदू बंगळूरला सरकारी कारखान्यात साहेबांची कामं बघते. मी जिवंत असेपर्यंत गावातली काही म्हातारी माणसं मला 'मॅडम' म्हणत राहणार, ते या कागदामुळे.

तर अशा रीतीनं माझं राहणं त्या झाडावर येऊन ठरलं. आणि तिथेच माझी पंचाईत झाली. झाड मेलं तर मी कामाची नाही, म्हणजे परत जाणार. झाड फुललं तर काम संपलं, म्हणजेही परत जाणार. ते जिवंत असावं पण त्यानं फुलू नये, एवढीच माझी देवाकडे मागणी होती. मी त्याला रोज पाणी घालायची आणि घालताना समजावायची, की घाई नको, तब्येत सांभाळ. थंडी पडली. सकाळी धुकं उतरायचं, अम्मा कानाला मफलर बांधून तुळशीला पाणी घालायच्या. आणि एक दिवस पानांच्या पंख्यातून एक जाड दांडा वर आला, टोकाला कळी घेऊन. ती बघून मागून परत बाटल्या किणकिणायला लागल्या.

उन्हानं फुलतं, हे व्यंकटराव म्हणाले होते. म्हणून मी काकांची छत्री उघडून त्या कळीवर रोवून ठेवली. रविवारी व्यंकटराव आले, छत्री बघितली आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे. ऊन बाधूं नये म्हणून काय? पोरगी बहळ जपते आहे." काका भिजत कारखान्यात जात होते, कारण अवेळी पाऊस लागला होता आणि साहेबांच्या फुलावरची छत्री काढायची त्यांची छाती नव्हती.

आत्याला मात्र ही थाप चालली नाही. ती दुपटी वाळत घालायला आली आणि छत्रीखाली वाकून बघितलं.

"कुणाला ऊन लागतंय गो?"

"फुलाला."

"फुलाला छत्री. मग सूर्यफुलाला काय, रजई?"

मी एकदम सगळं बोलून टाकलं. फुललं की साहेबांचं काम संपणार, काम संपलं की सोबत मिळणार, सोबत मिळाली की पेट्या. रडताना बोलल्यामुळे तिला 'पेट्या' तेवढंच कळलं असावं. ती धुण्याच्या दगडावर बसली. हातात ओलं दुपटं तसंच.

"बाळाला तू आडवं करतेस, ते मला दिसत नाही होय?" ती म्हणाली.

मला वाटलं, आता जमीन दुभंगेल तर बरं.

"तू पाणी भरायला गेलीस की मी करते," आत्या म्हणाली. "परवा यांनी विचारलं, अजून कसा बसत नाही हा. म्हटलं, तुमच्यावर गेलाय, जागचा हलत नाही." तिनं दुपटं झटकलं आणि दोरीवर टाकलं. "फूल यायचं ते येऊ दे. त्याचं काय चुकलंय? पुढचं माझ्यावर सोड. आणि ती छत्री यांना दे आधी. काल शिंकत आले."

त्या फुलाइतकं पांढरं मी नंतरही काही पाहिलं नाही. तीन पाकळ्या वर, तीन खाली, आणि खालच्या पाकळ्यांवर पिवळ्या लोकरीची बारीक पट्टी, सुरवंटासारखी. व्यंकटराव माकडटोपी घालून, एक जाडजूड चित्रांचं पुस्तक काखेत मारून सकाळीच हजर झाले. पुस्तक काकांनी दोन्ही हातांवर धरलं, पोथी धरावी तसं. त्यात पांढऱ्या जाती दोन निघाल्या. एक इटलीतल्या फ्लॉरेन्सची, दुसरी अरबस्तानातली, जी तिकडे कबरींवर लावतात आणि लोक जिथे जिथे गेले तिथे तिथे ती घेऊन गेले. खूण एकच: फुलाखालचं वेष्टन वाळक्या कागदासारखं असलं तर इटलीची, हिरवं असलं तर कबरीची. दोघंही वाकले. आमच्या फुलाचं वेष्टन वरून वाळकं होतं आणि खालून हिरवं.

"इटलीचीच धरू या साहेब," काका म्हणाले. "आपल्या बागेला शोभेल."

"शोभायचा प्रश्न नाही. सत्याचा आहे."

"सत्य अर्धं वाळलंय साहेब." काका साहेबांशी पहिल्यांदाच वाद घालत होते. भज्यांनी माणसं जवळ येतात.

अम्मा काठी टेकत बाहेर आल्या आणि हे दोघे कशावरून भांडतायत ते विचारलं. व्यंकटरावांनी त्यांना कानडीत सगळं समजावलं आणि शेवटी उगीच आपलं विचारलं, की इथे कधी कुणाची कबर होती का?

"हौदु," अम्मा शांतपणे म्हणाल्या. होती की.

आम्ही सगळे एक पाऊल मागे सरलो. काकांनी पुस्तक छातीशी धरलं.

"कोणाची?" व्यंकटरावांनी विचारलं.

"जानी."

"कोण जानी?"

"नायि," अम्मा म्हणाल्या, आणि आम्हाला कळावं म्हणून तोंडानं भुंकून दाखवलं.

जानी हा मडमेचा कुत्रा. तिचा साहेब आधी एडनला नोकरीवर होता, तिथून येताना मडमेनं कुत्रा आणि गोणपाटात गुंडाळलेली कसली तरी मुळं आणली. कुत्रा मेला, तो या कोपऱ्यात पुरला, वर तिनं ती मुळं लावली. विलायतेला जाताना रडून अम्मांच्या सासऱ्यांना म्हणाली, बंगल्याचं काय वाटेल ते करा, तो कोपरा खणू नका. सासऱ्यांनी शब्द पाळला. पुढे तो आपोआपच पाळला गेला, कारण सगळे तो कोपरा विसरले आणि घाणेरी वाढली. फुलांचं अम्मांना काही आठवत नव्हतं. कुत्रा आठवत होता, कारण तेव्हा त्या शेजारीच राहायच्या आणि तो एकदा त्यांना चावला होता.

"एडन," व्यंकटराव म्हणाले. "अरबस्तान. कबर." त्यांनी पुस्तक मिटलं. "झालं. हीच ती."

आत्या मात्र वेगळ्याच गोष्टीवर अडली होती. "म्हणजे," ती हळूच म्हणाली, "कुत्र्याच्या समाधीवरची भजी आपण साहेबांना वाढली."

काकांचा चेहरा त्या फुलाच्या रंगाचा झाला. व्यंकटरावांनी माकडटोपी काढली, डोळे पुसले, परत घातली. "आमचं घराणं इतक्या पिढ्या बंगळूरांत आहे," ते म्हणाले, "पण श्वानाच्या श्राद्धाला जेवलों, तो पहिला मीच." आणि ते इतके हसले, की बाळ दचकलं. बाळ त्या वेळी दुपट्यावर होतं. दचकून ते ताठ उठून बसलं आणि सगळ्यांकडे बघू लागलं. कुणीही त्याला आडवं केलं नाही.

काकांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "चला, बाळही बसला, फूलही झालं," ते म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं, साधा हिशेब जुळला म्हणून ते म्हणाले. मी मात्र मनात पेट्या मोजायला लागले.

आत्यानं फुलाकडे बघत अगदी सहज विचारलं, "साहेब, याला बी कधी धरतं?"

"हिला बी धरतच नाही. मुळं तोडून दुसरीकडे लावायची, तरच वाढते. एरवी संपली."

"आणि लावलेली फुलायला?"

"वर्ष. दोन वर्षंही लागतील. जपणारं माणूस पाहिजे."

"अहो, ऐकलंत?" आत्या काकांना म्हणाली, जरा मोठ्यानंच. "साहेबांना एक मूळ लागणार. तुमच्या कारखान्यातल्या बाकीच्यांनाही लागेल. दोन वर्षं जपणारं माणूस पाहिजे म्हणतायत साहेब."

काका साहेबांकडे बघू लागले. साहेबांनी आत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माकडटोपीची गुंडी लावत म्हणाले, "दोन तर लागतीलच. कमी नाही." मग जाता जाता ते आत्याला म्हणाले, की गंमत अशी, की ह्या जातीचंच मूळ वाळवून बाजारात बाळवेखंड म्हणून विकतात. ते वेखंड नव्हे, तुम्ही मुलाला देऊं नका, पण नाव तेच. आत्याला एवढं पुरेसं होतं. पुढे आयुष्यभर ती सांगायची, "मी पहिल्यापासून म्हणत होते, वेखंड. निघालं ना? त्याचं बाळ निघालं, एवढाच फरक."

काकांनी बाबांना लिहिलं, की काम वाढलं आहे. पुढच्या वर्षी लिहिलं, की काम आणखी वाढलं आहे. तोवर सोडावाटरवाल्यानं लांज्याची मुलगी केली. ती दोन पेट्या उचलायची म्हणे, आणि संसार छान झाला त्यांचा. मी मुळं तोडत आणि लावत राहिले, आधी व्यंकटरावांकडे, मग त्यांच्या ओळखीच्या बागांमधून, आणि त्यातूनच पुढे माझं पोट, माझी दोन खोल्यांची जागा आणि माझं सगळं काही झालं. ते बाळ वेखंडावाचून वाढलं आणि वेळेवर बोललं. त्याचा पहिला शब्द 'बज्जी' होता. काकांनी आत्याकडे बघितलं, आणि आत्या म्हणाली, "बघा, जीभ हलकी आहे."

आता त्या बाळालाच नातवंडं आहेत आणि मी त्याच्याकडे बंगळूरच्याच एका टोकाला, मारतहळ्ळीला राहते, अकराव्या मजल्यावर. बंगला कधीच पाडला. जानीच्या जागेवर आता लिफ्ट आहे असं ऐकते. पण माझ्या बाल्कनीत एका जुन्या बादलीत ते झाड आहे, आणि थंडीत एखादं फूल येतं. परवा शेजारची नवी सून दाराशी आली. हुबळीकडची आहे, नोकरीवर जाते, घराची आठवण येते हे तिच्या तोंडावरच दिसतं. बाल्कनीकडे बोट दाखवून म्हणाली, "अज्जी, इदु एनु?"

अजूनही क्षणभर वाटतंच, की मलाच हाक मारली. मी उठले, कोयती घेतली, बादलीतलं एक जाडसं मूळ पानांसकट तोडलं आणि तिच्या हातात ठेवलं.

"बजे," मी म्हटलं. "मग घे."

तिनं ते घेतलं.